कयाकवरचा कॅमेरा

डॉक्टरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि आपल्या एकट्यापुरत्या होडीच्या, कयाकच्या, पुढच्या भागावर, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा ठिकाणी, पुन्हा पुन्हा फिरवला. मग गुडघे टेकून त्या जागेवर फुंकर मारली. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याची चिकटवायची बैठक त्यांनी अजून पाकिटातूनही काढली नव्हती.

"एवढं काय त्यात? चिकटवा आणि मोकळे व्हा," बोटहाऊसचा रखवालदार म्हणाला.

"जागा कोरडी नसली तर काही टिकत नाही. जन्मभर दाढा भरल्यात मी."

रखवालदाराने आपली दुखरी दाढ जिभेने चाचपली. डॉक्टरांनी बैठक अंगठ्याने दाबून धरली, रात्रभर मुरू दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर कॅमेरा बसवला, भिंग स्वतःकडे करून. निसटलाच तर बुडू नये म्हणून त्याला दोरीही बांधली.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. मागे एकदा दूध आणायला गाडी घेऊन गेलेले डॉक्टर घरचा रस्ता विसरले आणि भलत्याच गल्लीत इंजीन चालू ठेवून बसून राहिले. लेकीने त्याच दिवशी गाडीची किल्ली काढून घेतली. ते त्यांनी मुकाट्याने सोसलं. पण कयाक विकायची गोष्ट निघाली तेव्हा ते हट्टाला पेटले. बायको गेल्यापासून घर त्यांच्या अंगावर यायचं. तलावावर तेवढं मोकळं वाटायचं.

"मध्यावर एकटे असताना काही झालं तर कुणाला कळणार, बाबा?"

"शूटिंग करून दाखवतो. मग तरी पटेल?"

"बघू," लेक म्हणाली होती.

बघण्यावर डॉक्टरांचा भरवसा होता. दवाखान्यात एक्स-रे काढला की ते तो आधी पेशंटसमोर धरत. "आधी बघा, मग बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेक लहानपणी बाहुल्यांचे दात तपासायला बसली की नाक वर करून, आवाज जाड करून हेच म्हणायची, आणि बाहुल्या बिचाऱ्या घाबरायच्या.

कॅमेरा बसवला त्या सकाळी तलाव शांत होता. डॉक्टर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून कयाक घेऊन पाण्यात उतरले, पलीकडच्या पुलाच्या खांबापर्यंत गेले, वळले आणि सरळ परत आले. वल्हं चुकलं नाही की दम लागला नाही. लेकीला आता बोलायला जागाच उरणार नाही, या विचाराने ते काठावर उतरताना गुणगुणत होते.

"आज फार वेळ लावलात, डॉक्टर," रखवालदार म्हणाला. "मी शिट्टी मारणारच होतो."

"छे. नेहमीसारखाच तर आलो."

कॅमेऱ्याच्या दोरीत लव्हाळ्याचं एक ओलं पातं अडकलं होतं. लव्हाळी तर लांब, डाव्या काठाला. वाऱ्याने आलं असेल, असं म्हणून त्यांनी ते फेकून दिलं. कॅमेरा हलवून पाहिला. तो जागचा तसूभरही हलला नव्हता, आणि डॉक्टर स्वतःवरच खूश झाले.

दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक म्हातारा ऐटीत वल्हं मारत होता. पूल आला, खांब आला, कयाक वळली. मग वल्हं थांबलं.

आधी त्यांना वाटलं, चित्रच अडकलं. पण मागचं पाणी हलत होतं. वल्हं मांडीवर आडवं पडलं होतं. डोळे उघडे होते, नजर मात्र कशावरच नव्हती. खालचा जबडा सैल सुटला होता. हजारो लोकांची उघडी तोंडं त्यांनी पाहिली होती, पण असं मालक नसलेलं तोंड पाहिलं नव्हतं. कयाक आपली आपण डावीकडे सरकत गेली. एक पाणकावळा तिच्या मागच्या टोकावर येऊन बसला, त्याने पंख पसरून सावकाश वाळवले. बसलेल्या माणसाची त्याला भीती वाटली नाही. लव्हाळी आली, भिंगावरून घासत गेली. मग केव्हातरी पाणकावळा दचकून उडाला आणि तो म्हातारा काही घडलंच नाही अशा थाटात वल्हं मारू लागला. थोड्या वेळाने तर तो गुणगुणूही लागला.

डॉक्टरांनी तेवढा भाग पुन्हा पाहिला. यातलं काहीएक त्यांना आठवत नव्हतं. त्यांना भीती वाटली, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. नको तो भाग कापायचा कसा, हे लेकीनेच त्यांना शिकवलं होतं. कात्रीच्या चिन्हापर्यंत त्यांनी बोट नेलं आणि तिथेच ठेवलं.

दाराची बेल वाजली तेव्हा त्यांनी लॅपटॉप अर्धवट मिटला.

लेक पर्स खांद्यावरून उतरवण्याआधीच बोलू लागली. "बाबा, मी विचार केला. राहू द्या तुमची कयाक. गाडीचं झालं, आता हेही काढून घेतलं तर तुम्ही करणार काय? मी उगाच ताणून धरलं."

"आणि शूटिंग?"

"ते नको दाखवायला. तुम्ही म्हणताय ना जमतं, मग झालं." तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

हेच ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी भागलं असतं.  डॉक्टरांनी खिडकीचा उजेड स्क्रीनवर येऊ नये म्हणून पडदा ओढला, शेजारची खुर्ची पुसली आणि लॅपटॉप उघडून तिच्याकडे वळवला.

"बस," ते म्हणाले. "आधी बघ, मग बोलू."

ते जुनं वाक्य ऐकून लेकीला हसू फुटलं. नाक वर करून ती हसत हसतच खुर्चीत बसली.