चौफुलीवरची तुळस

हे खरं तर मी सांगायचं नव्हतं. माझ्या अंगावर उभं राहून तीन माणसांनी एकमेकांना शब्द दिला होता, की हे कोणाला कळू द्यायचं नाही. मला कोणी विचारलं नाही. चौफुलीला कोण विचारतं? पण ऐकलं मीही होतं, म्हणजे शब्द मलाही लागू होता. तरी सांगते. तुम्ही तेवढं पोटात ठेवा.

मी चौफुली बोलतेय, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची.

माझ्या जन्माच्या वेळी कोणी नारळ फोडला नाही. जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जायच्या तो एक रस्ता होता आणि बाजारातून स्टेशनकडे जाणारा दुसरा. एक दिवस दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या. आधी कोण जाणार यावरून दोन्ही गाडीवान खाली उतरले, एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या, मग एकाच चिलमीतून ओढून आपापल्या वाटेनं गेले. बैल तेवढा वेळ उभेच होते. त्या भांडणात माझा जन्म झाला. ज्या जागी आधी कोण जाणार हा प्रश्न पडतो, तिलाच चौफुली म्हणतात.

पुढे खडी आली, मग डांबर आलं. कोपऱ्यावर एक निंबाचं झाड होतं, ते एका वादळात पडलं. त्याला किती वर्षं झाली ते नव्या पोरांना ठाऊकही नाही, पण अजून फोनवर तीच पोरं सांगतात, "निंबापाशी थांब बे, आलोच." आणि समोरचा बरोबर तिथंच थांबतो. माणसांचं हे मला फार आवडतं.

आणखी खूप काही दिसतं मला. शाळेतल्या मुली रस्ता ओलांडताना एकमेकींची बोटं घट्ट धरतात आणि पलीकडे पोचल्या की पटकन सोडतात, जसं काही धरलीच नव्हती. नागपूरला जाणारा माणूस बस यायच्या आधी खिसा चाचपतो, नागपूरहून आलेला बस गेल्यावर. संत्र्याचा ट्रक वळला, की माझ्यावरची सगळी नाकं एकदम त्या बाजूला वळतात.

मग दोन हजार तेवीस साल आलं आणि पांढुर्णा जिल्हा झाला. लोक तालुक्यात झोपले आणि जिल्ह्यात उठले. आता जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे लहानशी का होईना, राजधानीच की. आणि मी तिच्या मधोमध! मी जरा ताठच झाले. शेजारच्या सौंसरहून येणारे प्रवासी उतरता उतरता चिमटा काढत, "जिल्हा तुमाले भेटला बाप्पा, पन संत्रा आमचाच गोड." पांढुर्ण्याचे म्हणत, "हाव, म्हनूनच त तुमी इथं कागदं घेऊन येता अन् संत्री घरीच ठेवता."

राजधानीच्या चौफुलीला नुसतं रिकामं राहून चालत नाही. दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर माझ्या मधोमध सिमेंटचा एक गोल बांधला. काळे-पांढरे पट्टे ओढले, आत माती भरली. त्यात कारंजं येणार असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं घड्याळ येणार. आलं काहीच नाही. नियम तेवढा आला, की गोल उजव्या हाताला ठेवायचा आणि त्याला वळसा घालूनच जायचं.

वळसा कोण घालतो! समोर दुकान दिसत असताना उगीच गोल फिरायचं हे कोणालाच पटेना. उजवीकडे जायचं असेल, तर लोक गोलाच्या अलीकडूनच उलट्या बाजूनं गाडी घुसवत. ट्रॅफिकचा हवालदार भूपेंद्र दिवसभर शिट्टी वाजवी. त्याचे गाल बघून मला फुग्याची आठवण यायची.

व्हायचं तेच झालं. पुंडलिकरावांनी आपली मोटारसायकल अशीच उलटी घातली आणि समोरून आलेल्या संत्र्यांच्या ऑटोवर आदळले. पुंडलिकराव म्हणजे पलीकडच्या खेड्यातले कापूस-संत्रावाले शेतकरी, मोठ्या आवाजाचे. त्यांचं कोपर तेवढं सोललं. संत्री मात्र माझ्या चारही रस्त्यांवर धावली. लोकांनी गोळा करून दिली, थोडी खिशात घालून दिली.

"काका, गोल दिसला नाही का तुमाले?" भूपेंद्रनं विचारलं.

"दिसला ना. रिकामाच त हाय! त्याले कायले फेरा घालू?"

दोन दिवसांनी एक साहेब जीपमधून आले. त्यांनी चारही बाजूंना पाहिलं आणि हिंदीत निकाल दिला: पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत वाट पाहू. लोक तोपर्यंत गोलाला वळसा घालायला लागले तर ठीक, नाहीतर चारही कोपरे मोकळे करू, रस्ता रुंद करू आणि सिग्नल लावू.

कोपरे मोकळे म्हणजे इंदूबाईची गाडीसुद्धा.

इंदूबाई निंबाच्या कोपऱ्यावर हातगाडी लावते. उन्हाळ्यात लिंबू-सब्ज्याचं सरबत, पावसाळ्यात भुट्टे, थंडीत चहा. तिच्याआधी तिची सासू इथंच बसायची. बस या कोपऱ्यावर थांबते, म्हणून गिऱ्हाईक या कोपऱ्यावर. तिची मुलगी रूपाली नागपूरला नर्सिंग शिकते. ते शिक्षण खरं तर याच कोपऱ्यावर चालतं. साहेबांची जीप गेली, तरी इंदूबाई लिंबू हातात धरून तशीच उभी होती. गिऱ्हाईकानं दोनदा हाक मारली, तेव्हा तिनं ते कापलं.

पावसाळ्यात तिच्या गाडीखाली, सांडलेल्या सब्ज्यातून एक रोप उगवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली येईल म्हणून तिनं ते रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं. डबा गाडीवर मावेना, म्हणून गोलातल्या मातीवर नेऊन ठेवला. एवढंच केलं तिनं, आणि येता-जाता ग्लास विसळलेलं पाणी त्याला घालत राहिली.

सब्जा दिसतो अगदी तुळशीसारखा. पानं तशी, मंजिऱ्या तशा. जवळ जाऊन पान चुरडलं तरच वास वेगळा कळतो. पण भर रस्त्यात पान चुरडायला कोण जातं?

पोळ्याच्या दिवशी पुंडलिकराव झूल घातलेली बैलजोडी घेऊन आले. गोलापाशी येताच थबकले. त्यांनी आपोआप पायातली चप्पल काढली, एका हातानं नमस्कार केला आणि बैल डाव्या अंगानं वळवून, डबा उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरा घातला. मागून एक पोरगा मोटारसायकल उलटी घालायला निघाला. पुंडलिकराव गरजले, "काऊन बे, तुळशीले उलटा फेरा घालतं? डोळे फुटले का तुहे?"

पोरगा मुकाट्यानं वळसा घालून गेला. भूपेंद्रची शिट्टी तोंडातच राहिली.

कारण बघा, प्रदक्षिणेचा नियम आणि त्या गोलाचा नियम एकच होता. मध्ये जे आहे ते उजव्या हाताला. साहेबांनी सांगितलं तेव्हा तो कायदा होता म्हणून कोणी पाळला नाही.

आठवड्याभरात सगळे वळू लागले. मग तर कहरच झाला. नवा ट्रॅक्टर घेतलेल्यानं पाच फेरे घातले, मागे सगळी गाड्यांची रांग. वरातीची गाडी सात फेरे घालायला लागली, तेव्हा भूपेंद्र आडवा झाला, "नवरदेव, बाकीचे मांडवात घाला! इथं एकच भेटते." परीक्षेला निघालेली पोरं सायकल हळू करून पुटपुटत जात.

इंदूबाईला मात्र चैन पडेना. एका दुपारी ती भूपेंद्रला म्हणाली, "भाऊ, ते तुळस नाही, सब्जा हाय. आमच्या घरी तुळस पुजत नाही, मी कायले लावू? मी कोनाले खोटं सांगतलं नाही. पन लोकं हात जोडून राहिले, मले कसंतरीच होते."

"चूप राय माय!" भूपेंद्र इकडंतिकडं बघत म्हणाला. "माह्या नोकरीत पयल्यांदा लोकं वळून राहिले. त्याईले आपटू देऊ का आता?"

कार्तिकात संकट आलं. मागच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, की यंदा तुळशीचं लग्न चौफुलीवरच लावायचं. जागा बघायला पुष्पाबाई पुढे आल्या. त्या त्या गल्लीच्या अध्यक्ष, निवडून न आलेल्या. गोलात चढल्या, डब्यापाशी वाकल्या, सवयीनं पान तोडून चुरडलं. हात नाकाशी नेला आणि तसाच राहिला.

इंदूबाईनं चहा ओतता ओतता किटली खाली ठेवली. मला स्पष्ट दिसलं.

पुष्पाबाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं. मग इंदूबाईकडे, तिच्या गाडीकडे, मग शिस्तीत वळणाऱ्या गाड्यांकडे. त्यांचा नातू याच रस्त्यानं सायकलनं शाळेत जातो. त्या खाली उतरल्या आणि बायकांना म्हणाल्या, "नाही वं, इथं नको. आपापल्या अंगनातली तुळस रुसन ना. घरी काय कमी हाय?" बायका गेल्या, आणि मग त्या गाडीपाशी आल्या.

"सब्जा लावला वं तू इंदू!"

"मी कोनाले तुळस म्हनलं नाही, ताई."

"तू नाही म्हनली, लोकं म्हनते. अन् म्हनू दे. ह्या झाडापायी माहा नातू सुखरूप येते, त मी त्याले हात जोडीन. झाडाले जोडले त काय बिघडते?" त्यांनी भूपेंद्रलाही बोलावलं. "पन ही गोष्ट आपल्या तिघाईत. समजलं का, शिट्टीवाले?"

हाच तो शब्द.

पण सब्जा तुळशीसारखा वर्षानुवर्षं राहत नाही. माघात पानं गळाली, मंजिऱ्या वाळून करड्या झाल्या. इंदूबाईनं पाणी घातलं, सावली केली, काही झालं नाही. होळीच्या आदल्या दिवशी नुसत्या काड्या उरल्या. त्या तशाच ठेवल्या तर लोक म्हणणार तुळस वाळली, अपशकुन झाला. भल्या सकाळी तिनं मंजिऱ्या पदरात झाडून घेतल्या, काड्या उपटल्या आणि रिकामा डबा तिथंच ठेवून गाडीपाशी येऊन बसली. दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

होळी झाली आणि साहेबांची जीप आली.

इंदूबाई मान वर करेना. पुष्पाबाई उगीचच कोथिंबीर घ्यायला आल्या, कोथिंबीर न घेता उभ्या राहिल्या. भूपेंद्रनं शिट्टी ओठांशी नेली. मीही श्वास रोखला असता, मला श्वास असता तर.

पहिली मोटारसायकल आली. डावीकडून वळली, रिकाम्या डब्याला उजव्या हाताला ठेवून गेली. मग ऑटो, मग दुधवाला, मग नागपूरची बस. पुंडलिकराव आले, एका हातानं डब्याला नमस्कार केला आणि फेरा पुरा करून गेले. डब्यात काही नाही, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माणसं एखादी गोष्ट एकदाच नीट बघतात, त्यानंतर त्यांचे हात-पायच बघतात.

साहेब घटकाभर उभे राहिले. मग वहीत काही न लिहिता म्हणाले, "बढ़िया. सिग्नल की ज़रूरत नहीं. जो जहाँ है, रहने दो."

पुष्पाबाई कोथिंबीरवाल्यावर विनाकारण ओरडल्या, कारण त्यांचे डोळे भरले होते. भूपेंद्रनं इतकी लांब शिट्टी मारली, की चारही रस्ते थांबले. इंदूबाईनं काही केलं नाही. तिनं फक्त लिंबू कापायला घेतलं.

ऊन तापलं होतं. साहेब गाडीपाशी आले, सरबत मागितलं. तिनं तिघांसाठी ग्लास भरले, साहेबांसाठी, त्यांच्या ड्रायव्हरसाठी आणि मागून येऊन उभ्या राहिलेल्या पुंडलिकरावांसाठी. पुंडलिकरावांनी एका घोटात अर्धा ग्लास संपवला. "वा! आज सब्जा लय ताजा लागते वं, इंदूबाई. कुठून आनला?"

पुष्पाबाईंनी पदर तोंडात कोंबला. भूपेंद्र पाठ फिरवून आभाळाकडे बघू लागला. इंदूबाईनं आधी गोलातल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग पुंडलिकरावांच्या ग्लासात तळाशी फुगून बसलेल्या दाण्यांकडे, आणि म्हणाली, "काका, हे त तुमी रोज ज्याले हात जोड—"

"चौफुली! चौफुलीवाले उतरा लवकर, बस थांबनार नाही!"

आले, आले. सौंसरच्या बसचा कंडक्टर मला हाक मारतोय. माणसं उतरायची आहेत, पायाखाली मी नको का? तर मग इंदूबाईनं वाक्य पुरं केलं, आणि पुंडलिकरावांच्या हातातला ग्लास असा वरच्या वर राहिला, आणि… पुढचं बस गेल्यावर सांगते.