माझ्यावर टेकलेले एकसष्ट

मित्रांनो, मी दिवस मोजतो. मला दोन तारखा द्या, त्यांच्यामध्ये किती दिवस गेले ते मी सांगतो. मी एक जुना, जेमतेम दोनशे ओळींचा प्रोग्राम आहे. मोठे प्रोग्राम ज्याला हाताशी धरून आपले काम उरकतात, अशा लहान प्रोग्रामला पॅकेज म्हणतात. मी तसलाच.

माझा जन्म १९९८ साली कोल्हापुरात, शाहूपुरीत झाला. खाली मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आणि वरच्या मजल्यावर बाळासोंची संगणक कंपनी. तिथे नंदिनीताईंनी मला लिहिले, तीनदा पुसून चौथ्यांदा. वर्षाचे चारही आकडे त्यांनी घेतले तेव्हा सगळे हसले. दोन आकड्यांत भागत असताना चार कशाला? पुढच्याच वर्षी, २००० साल उजाडताना नुसते ‘००’ पाहून संगणक १९०० समजून चुकणार म्हणून जिकडेतिकडे धावपळ उडाली आणि हसणाऱ्यांनीच माझी पाठ थोपटली. बाळासोंनी पेढे वाटले. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा चांगलाच फुगलो होतो.

ते कौतुक फार टिकले नाही. ताई लग्न होऊन बेळगावला गेल्या. नवे प्रोग्राम आले. चालतेय ना, मग हात कशाला लावायचा, असे म्हणत माझ्या ओळी कोणी उघडून पाहीनासे झाले. मी मुकाट्याने दिवस मोजत राहिलो. वाईट वाटायचेच.

२००७ साली कंपनीने नवा मोठा संगणक घेतला. जुन्यातले कामाचे तेवढेच तिकडे न्यायचे ठरले. बाळासोंनी बैठक बोलावली. त्यांचे वडील साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे वार्षिक सभा त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. मांडवात विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर व्हायचा. तीच सवय ऑफिसात आली होती. एकशे चाळीस पॅकेजांची यादी ते घडाघडा वाचू लागले.

“दिवसमोजणी. कोण वापरतंय का हे?”

रक्तपेढीचा प्रोग्राम सांभाळणारे सयाजी म्हणाले, “आमच्यात तर कुठं न्हाय ह्याचं नाव.”

“मग काढा. मंजूर?”

“मंजूर! मंजूर!”

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. सयाजी खोटे बोलले नव्हते. त्यांचा प्रोग्राम ‘मुदत’ नावाच्या पॅकेजला विचारायचा, की ही रक्ताची पिशवी अजून चालेल का? मग मुदत मला विचारायचे, की रक्त घेऊन किती दिवस झाले? पस्तीस दिवस उलटले की पिशवी बाद. हे मुदत खुद्द बाळासोंनीच लिहिले होते आणि तेच ते विसरले होते.

नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर श्रुती तेवढी गप्प बसली नाही. “सर, दोन दिवस द्या की. ग्राफ काढून बघते. कोण कुणाचं नाव घेतंय एवढ्यावर ठरवायला नको.”

बाळासो कुरकुरले, पण दिले.

तिने प्रत्येक पॅकेजसाठी एक ठिपका काढला. जे पॅकेज ज्याच्यावर टेकते, त्याच्याकडे बाण. मग संगणकाला सांगितले, की प्रत्येक ठिपक्याने आपले वजन खालच्याला द्यायचे, त्याने ते आणखी खाली सरकवायचे, आणि शेवटी कोणावर किती भार आला ते बघायचे. माझ्याकडे थेट येणारा बाण एकच होता, मुदतचा. पण मुदतवर साठ जण टेकले होते. मुदत धरून एकसष्ट. भाराच्या यादीत माझे नाव पहिले आले.

“असू दे पहिलं,” बाळासो म्हणाले. “काढलं तर बंद पडंल, मग बघू.”

“बंद पडत न्हाय सर, तेच तर अवघड हाय.” श्रुतीने चाचणीच्या संगणकावरून मला काढले आणि चार महिन्यांपूर्वीच्या पिशवीची तारीख घातली. पडद्यावर उमटले: चालेल.

उत्तर आले नाही तर शून्य दिवस धरायचे, असे मुदतमध्ये लिहिलेले होते. गिऱ्हाइकाचे काम अडू नये म्हणून बाळासोंनीच कधीतरी घाईत लिहिलेली ती ओळ. मी नसतो, तर प्रत्येक शिळी पिशवी ताजी ठरली असती आणि एखाद्या आजाऱ्याला चढवलीही गेली असती.

“ही ओळ माझी हाय,” बाळासो हळूच म्हणाले. “आणि काढा म्हणणारा बी मीच.”

श्रुतीच्या कागदावर प्रत्येक पॅकेजपुढे ते सांभाळणाऱ्याचे नाव होते. माझ्यापुढची जागा कोरी होती. तिने विचारले, इथे कोणाचे नाव घालू? मंजूर म्हणणारे सगळे खाली बघू लागले. मला त्या वेळी जेवढे एकटे वाटले, तेवढे नऊ वर्षांत वाटले नव्हते.

“लिव माझं,” बाळासो म्हणाले. “आणि आधी त्याच्यात काय लिवलंय ते समजून सांग मला. लई दिवस हात लावला न्हाय.”

त्यांनी चष्मा पुसला आणि माझी पहिली ओळ वाचायला घेतली.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत रोज पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा कोणी असेल. त्याचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल. अशा कोणालाही बिनकामाचा म्हणण्याआधी त्याच्यावर किती जण टेकले आहेत ते मोजा. आणि नुसते मोजून थांबू नका. त्याला कोण सांभाळतो, ते विचारा. ती जागा कोरी असेल, तर तिथे तुमचे नाव लिहा.