गंगव्वाची वर्षाची चटणी

गंगव्वाचा कॅन्सर हाडात उतरला ही बातमी शनिवार पेठेत पोचायला अर्धा दिवस लागला, आणि रडायला येणाऱ्यांची रांग लागायला तेवढाही नाही. सत्त्याण्णव सालचा तो उन्हाळा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आता पार बरं होणं नाही. पण औषधानं आवरून धरता येईल, किती दिवस ते सांगता येत नाही. गंगव्वानं मान हलवली आणि विचारलं, "तिखट चालंल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "सोसेल तेवढं खा." तिच्या दृष्टीनं तपासणी तिथंच संपली.

तिचा नवरा रुद्राप्पा भांड्यांचा दुकानदार, स्वभावानं गरीब गाय. त्याच्या तोंडून त्या रोगाचं नावच निघेना. कुणी विचारलं की "काय न्हाय, जरा अशक्तपणा हाय," म्हणायचा आणि समोरच्याला पातेली दाखवायला लागायचा.

समाचाराला येणारी माणसं भली होती, पण डोक्याला ताप होती. समोरची बाळाबाई तर उंबऱ्यावरच सूर लावायची. शिरोळची जुनी मैत्रीण तानाबाई एसटीनं आली, केळी ठेवली आणि म्हणाली, "आमच्या जावंला बी ह्येच झालतं. सोन्यासारखी बाई. गेली बघ!" मग ती अशी काही रडली, की गंगव्वालाच उठून तिची समजूत घालावी लागली.

त्यात चटणीचे दिवस. वर्षाची कांदा-लसूण चटणी करायला गंगव्वा दरवर्षी दहा किलो मिरची घ्यायची. यंदा रुद्राप्पा एकटाच बाजारात गेला आणि एक किलोची पिशवी घेऊन आला.

"ह्ये काय?"

"म्हटलं, तुला तरास नको."

"एक किलो किती म्हैनं पुरंल?"

रुद्राप्पा बायकोच्याच चपला पायात घालून दुकानाला गेला.

गंगव्वाला फार लागलं. डॉक्टरांनी जो हिशोब घातला नव्हता तो नवऱ्यानं घातला होता, तोही किलोत. ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि पहिल्यांदाच तिला मनापासून भीती वाटली. तेवढ्यात उंबऱ्यावर बाळाबाईचा सूर लागला.

हाडं कुरकुरली तरी गंगव्वा उठून बसली. "रडाय आलीस न्हवं? मग मोकळ्या हातानं रडू नगंस. ती विळी घे, कांदं चिर."

"कसलं कांदं?"

"चटणीचं. पोतंभर मागवल्यात."

मागवले नव्हते. पण निरोप जाताच कोपऱ्यावरच्या पिराजी कांदेवाल्यानं पोतं आणून टाकलं. आलोच आहोत तर, म्हणून त्यानंही हुंदका काढला. गंगव्वानं त्याच्याही हातात सुरी दिली.

तेव्हापासून नियमच झाला. या घरात रडायचं तर कांदा चिरत. पुन्हा समाचाराला आलेल्या तानाबाईनं तर परतीची एसटीच सोडली. डोळ्यांचं पाणी कांदाच काढतोय म्हटल्यावर बायकांना वेगळं रडायचं कारण उरलं नाही. त्या सरळ आपापल्या सुनांवर घसरल्या. गंगव्वा खाटेवरून ओरडायची, "जाड झालं! पातळ चिर!" दवाखान्यातनं औषधाचं सलाईन लावून घरी आली की तिला उलट्या व्हायच्या. तेव्हा याच बाया तिची पाठ चोळायच्या, घमेलं धरायच्या, आणि सुनांचा विषय तेवढ्यातही सोडायच्या नाहीत. गंगव्वाला त्यांचा फार आधार वाटे. एकटीनं घाबरायला तिला आता सवडच मिळेना.

एका संध्याकाळी रुद्राप्पा गच्चीवर गेला आणि थबकला. गच्चीभर कांदा वाळत होता: चादरींवर, लुगड्यांवर, त्याच्या लग्नाकार्याच्या धोतरावर.

"अगं, एवढ्या कांद्याला एक किलो मिरची कशी पुरायची?" तो खाली येऊन म्हणाला.

"न्हायच पुरायची. वरसाची चटणी हाय. मी खाणार हाय ती."

दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून मिरची आली, संकेश्वरी आणि ब्याडगी, दोन वर्षं खाऊन उरेल एवढी. मागोमाग दुकान बंद ठेवून रुद्राप्पा आला आणि बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसला. कांदे संपले होते, म्हणून बाळाबाईनं त्याच्यापुढं लसूण सरकवला. दोन-चार पाकळ्या सोलल्या असतील नसतील, त्याच्या डोळ्यांना धार लागली. नाक वाहू लागलं, खांदे गदगदू लागले.

"लसूण," तो कसाबसा म्हणाला, "लई झोंबतोय."

लसूण सोलताना एवढं कुणी रडत नाही, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाळाबाई तसं म्हणणारच होती. गंगव्वानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग ती खाटेवरून हळूहळू उतरली, नवऱ्याशेजारी टेकली आणि पदरानं त्याचं नाक पुसलं.

"झोंबतोय की," ती म्हणाली. "फुडच्या वर्षी दुसऱ्या दुकानातनं आणा."

"आणतो," रुद्राप्पा म्हणाला आणि त्यानं पुढची पाकळी सोलायला घेतली.