ज्या दिवशी नदी गप्प झाली

मी पाणचक्कीचा वरचा दगड बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, फार शांतता झाली की मला संशय येतो.

गढवालच्या बर्फाळ डोंगरांखाली, सरस्वती नदीच्या काठी माझी झोपडी. मंगशीरीच्या सासऱ्यानं मला वरच्या कड्यातून फोडून घडवलं. आता चक्की ती चालवते. सगळं गाव तिला बोडी म्हणतं, म्हणजे मोठी काकी. गावाची नाचणी, जव, फाफर, सगळं माझ्याखालून जातं.

माझ्या डोक्यावर एक गुहा आहे. तिथे बसून व्यासांनी भारतकथा सांगितली आणि गणपतीनं लिहिली, असं म्हणतात. गणपतीची अट होती, सांगणं थांबलं तर लेखणी खाली ठेवीन. त्यात नदीचा गोंगाट. व्यास चिडले आणि नदीला म्हणाले, गुप्त हो! बोलणाऱ्याला त्रास झाला की शिक्षा काम करणाऱ्याला. ही रीत तेव्हापासूनचीच दिसते.

म्हणून वर्षातून एक दिवस गुहेत कथेचं वाचन होतं. ते मध्ये तोडायचं नाही, आणि त्या दिवशी मी बंद. बोडी पन्हळ बाजूला सारते. चक्रावर पडणारं पाणी मग शेजारून खळाळत नदीला मिळतं.

यंदा वरच्या अंगाला नदी वळवायला बोगदा खणणारी कंपनी आली. तिचा ठेकेदार सक्सेना दर चुलीपाशी चहा पीत सांगायचा, "नदी शापितच आहे. बोगद्यात गेली तर व्यासांचाच शब्द खरा होईल." गावानं नदी द्यायला साफ नाही म्हटलं. तरी वाचनाच्या दिवशी हा पेढे घेऊन पहिल्या रांगेत! तेव्हाच मी मनात म्हटलं, हा माणूस पुण्यासाठी आलेला नाही.

वाचन सुरू झालं आणि मी दचकलो. भोलादत्त पंडितांचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय शांतता!" वर कुणीतरी म्हणालं. "नदीनं मान राखला."

"मान?" हा बोडीचा आवाज. "अरे, बाहेर बघा. पाणी कुठंय?"

"बोडी, खाली बस. वाचन तुटेल," पंडित म्हणाले.

"तुटू दे! गणपतीची अट पाठ आहे, व्यासांची विसरलात? समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग समजून घ्या की! चक्की बंद असते तोच दिवस यानं का निवडला? पेढे का वाटले?"

सक्सेना हसला. "आजीबाई, ऋषींचा शाप आहे तो."

"शाप वाळूच्या गोण्या घेऊन येत नाही, भुला, धाकट्या भावा. पहाटे तुझी माणसं खेचरांवर लादून नेत होती. विचारलं तर म्हणाली, रस्त्याला लागतात."

कुणी हलेना. वाचन मोडल्याचं पाप कोण घेणार? शेवटी पोथी मिटल्याचा आवाज आला. उठले ते भोलादत्तच.

"चला वर. नदीच नसेल तर पुढच्या वर्षी कुणाच्या काठी वाचू?"

सगळं गाव चढून गेलं. बोगद्याच्या तोंडाशी नदी आत वळवणारा गोण्यांचा बांध होता, तो हातांनी उपसला. दुपार कलताना पाणी आलं, गढूळ, गोण्यांच्या चिंध्या घेऊन. बोडीनं पन्हळ सरळ केली. वाचनाच्या दिवशी मी पहिल्यांदाच फिरलो, आणि उरलेली कथा पंडितांनी घसा ताणून वाचली. गणपतीला ऐकू गेली असावी. त्याचे कान मोठे आहेत.

सक्सेनाची यंत्रं अजून वरच आहेत. ताडपत्रीनं झाकलीत, नेलेली नाहीत. मी मात्र टाकी लावून लावून पातळ झालोय, फार टिकणार नाही. म्हणून जाता जाता सांगतो, तुमच्याही गावात नदी अचानक गप्प झाली तर हात जोडू नका. आधी वर चढून बघा.