डोंगरमायच्या कड्यावरचा दोर

"आधी पायाखाली दाब. मंग दोन्ही हातानं ओढ. आन् मंगच कोनाचा जीव त्याच्यावर टाक."

हा आवाज नेमसिंगचा. तो जाऊन सहा वर्षे होत आली, पण माझ्या प्रत्येक पेडात तो आवाज अजून आहे. पेड म्हणजे दोराचा एक एक पदर. माझ्यात असे तीन होते. मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा मी अंबाडीचा दोर आहे. पुसदच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत एक तांडा आहे, तिथे धरमसिंगच्या गोठ्यात एका खुंटीवर मी लटकलो आहे. खरे सांगायचे तर मी अर्धाच आहे. उरलेला अर्धा कुठे आहे ते पुढे सांगेन.

माझा जन्म सुगंधाचा नाही. नेमसिंगने कपाशीच्या बांधाला अंबाडी पेरली होती. ती कापून त्याने नाल्याच्या डबक्यात पंधरा दिवस भिजत घातली. तिची घाण इतकी सुटली की तांड्यातल्या बाया पदर नाकाला लावून पाण्याला जात. मग त्याने साल सोलली, धुतली, वाळवली. अंगणात एका टोकाला तो स्वतः, दुसऱ्या टोकाला मुलगा धरमसिंग, आणि मध्ये तंतू पुरवायला सून बिजलीबाई. तीन दिवस पीळ घालणे चालले.

"आवळून, आवळून. हे बैलाचं काम नोहे, मानसाचं हाये," नेमसिंग म्हणायचा.

"बा, हात सोलले माहे," धरमसिंग कुरकुरायचा.

"हात सोलले तं नवे येतीन. मानूस पडला तं नवा येत नाई."

त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. गोण्या बांधायच्या म्हणजे दोर आलाच. लादणी गेली, शेती आली, पण नेमसिंगच्या बोटांत ती विद्या राहिली होती. पंचेचाळीस हात लांबीचा मी तयार झालो, तेव्हा बिजलीबाईने मला हळदीचे एक बोट लावले. तेवढेच. नेमसिंगला त्याहून जास्त चालत नसे.

मी कशासाठी वळला गेलो ते ऐका. तांड्याच्या मागे एक उभा डोंगर आहे. नकाशात तुम्हाला सापडायचा नाही, पण पायांना तो चांगला ठाऊक होतो. खाली पळसाचे आणि सागाचे रान, मग सुट्या दगडांची घसरण, तिथे दोन पावले चढावे तर एक पाऊल मागे येते. त्यानंतर कोरडा ओहोळ, आणि शेवटी तो कडा. काळा, गुळगुळीत, चैत्रात तव्यासारखा तापणारा. त्याच्या माथ्यावर अंजनाचे एक जुने झाड, आणि झाडापुढे शेंदूर लावलेला दगड. तीच डोंगरमाय. नवस फेडणाऱ्या बाया चैत्र पुनवेला निर्जळी उपास करून तिथे दिवा लावायला चढतात.

पहाटे नेमसिंग कड्याच्या डाव्या भेगेतून बोटे रुतवत एकटा वर जायचा. मला अंजनाच्या बुंध्याला बांधून खाली सोडायचा. मग एक एक बाई मला धरून चढायची. किती हात मी ओळखतो म्हणून सांगू! कापूस वेचून चिरलेले हात, बांगड्या मागे सारलेले हात, भीतीने घामेजलेले हात. वर पोहोचल्यावर प्रत्येक बाई आधी मला सोडायची आणि मग देवीला हात जोडायची. मला त्याचे वाईट वाटले नाही. काम झाले की दोराने बाजूला व्हावे.

दर होळीनंतर नेमसिंग मला अंगणात पसरायचा. चप्पल काढायचा आणि अनवाणी पायाने माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. कुठे मऊ लागले की तिथेच बसायचा, पेड उकलून पाहायचा, कुजका भाग कापून नवा जोड द्यायचा. मग धरमसिंगला एका टोकाला लटकवून ओढायचा. पाचव्या वर्षी तो नवा दोर वळायचा आणि जुन्याचे बैलांसाठी कासरे करायचा. आम्हा दोरांचे म्हातारपण असे सुखाचे होते. बैलाच्या मानेची ऊब आणि कडब्याचा वास. मीही त्याचीच वाट पाहत होतो.

चौथ्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली, आणि माझे नशीब फिरले. बिजलीबाईची मुलगी राखी तेव्हा लग्नाची होती. कड्याच्या मध्यावर तिचा पाय सुटला. ती पूर्ण वजनाने माझ्यावर लोंबकळली, दोनदा दगडावर आपटली, पण तिने मला सोडले नाही आणि मीही तिला सोडले नाही. तिला वर ओढून घेतले तेव्हा तिच्या तळहातांवर माझा पीळ उमटला होता.

बिजलीबाईने तिथल्या तिथे माझ्यावर डोके टेकले. त्याच वर्षी थंडीत नेमसिंग वारला. झाले. तांड्यात बोलणे सुरू झाले की म्हाताऱ्याचा जीव दोरात आहे, डोंगरमाय दोरात उतरली आहे.

मित्रांनो, बिजलीबाईविषयी माझ्या मनात राग नाही. तिच्याइतकी मऊ बोलणारी, नेमाची बाई मी पाहिली नाही. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, तिचे काही चुकायचे नाही. तिने मला पत्र्याच्या पेटीत, लाल कापडावर ठेवले; बाहेर काढायची ते फक्त चैत्र पुनवेला, कड्यापुरते. दर मंगळवारी हळद, कुंकू, तेल. पौर्णिमेला नारळाचे पाणी. पेटीत गुळाचा खडा. तिच्या डोळ्यांत पाणी असायचे आणि ते खरे असायचे.

पण ओले कापड माझ्या अंगाला चिकटून राहायचे. तेलावर धूळ बसायची. गुळाच्या वासाने उंदीर यायचे, आणि गूळ संपला की माझ्याकडे वळायचे. वरून मी लालपिवळा, देखणा दिसत होतो. आतून काळा पडत होतो.

पहिल्या होळीनंतर धरमसिंगने मला अंगणात पसरले आणि चप्पल काढली. बिजलीबाई घरातून धावत आली.

"अवं, पाय कायले लावता? देव हाये तो!"

"बा दरसाल लावत होते नं."

"तवा तो दोर होता. आता नाई राह्यला. तुमाले बुद्धी हाये का नाई?"

 धरमसिंगने चप्पल पुन्हा पायात घातली. मी मनात ओरडत होतो, दे रे बाबा पाय, तुडव मला! पण दोराचे ओरडणे कोणाला ऐकू येते? त्यानंतर त्याने कधी विचारलेच नाही. त्यालाही ते सोपे गेले असावे.

पाचवे वर्ष आले. नवा दोर कोणी वळला नाही. देव का कोणी बदलतो? धरमसिंगचा पुतण्या शाम वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. तो सणाला आला तेव्हा म्हणाला, "काकी, मी नायलॉनचा दोर आनून देतो. टनानं माल बांधतो आमी त्याच्यानं."

"प्लास्टिकच्या दोरीनं मायपाशी जावं का रे, लेका? ते तुह्या कोयशाले ठेव."

सगळे हसले. शामही हसला.

पुढे राखीचे लग्न होऊन ती राळेगावकडे गेली. तिला मुलगी झाली, सोनू. सोनू बोलायला लागली, गाणी म्हणायला लागली, पण तिसरे वर्ष लागत आले तरी चालेना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, मालिश करा, धीर धरा. बिजलीबाईने मालिशही केली आणि नवसही बोलली. 'पोरगी चालली तर मी स्वतः चढून तुझ्यापुढे दिवा लावीन, माय.' संक्रांतीला सोनू ओट्यावरून उठली आणि सात पावले चालत आजीच्या मांडीवर येऊन पडली. त्या दिवशी पेटीत मला दुप्पट तेल मिळाले.

गेल्या चैत्र पुनवेला आम्ही निघालो. भेगेतून शाम वर गेला, त्याने मला अंजनाला बांधले. सर्वांत आधी चढायचा मान बिजलीबाईचा. पोटात पाण्याचा थेंब नाही, कमरेला दिव्याची पुरचुंडी. तिने मला कपाळाला लावले आणि पाय कड्याला दिला.

ती तीन पुरुष उंच आली असेल. आधी उंदरांनी कुरतडलेला पेड सुटला. मला कळले. उरलेल्या दोघांनी मी तिला धरून ठेवायला पाहिले. दुसरा पेड तुटला तेव्हा तिने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती हो, भरवसा होता. तो चेहरा मला विसरता येत नाही. मग तिसरा तुटला.

तिला झोळीत घालून चार माणसांनी खाली आणले, जीपने दवाखान्यात नेले. जीव वाचला. पाय मात्र कायमचे लुळे पडले. आता ती खाटेवर असते. राखी सोनूला घेऊन माहेरीच राहिली आहे, आईचे सगळे तीच करते.

खरे दुःख याच्याही पुढचे आहे. नळावर बाया म्हणाल्या, "बिजलीचंच उपासात काही चुकलं असन." आणि बिजलीबाईने ते खरे मानले. ती दिवसभर आढ्याकडे पाहत आठवते. कोणत्या सोमवारी चहा घेतला होता? कोणत्या मंगळवारी दिवा मालवला होता? मी तुटलो, आणि दोष ती आपल्या अंगावर घेते आहे.

धरमसिंगने माझे तुटलेले टोक त्याच दिवशी हातात घेतले होते. आतला भाग भिजल्या तंबाखूसारखा त्याच्या बोटांत चुरला. त्याला सगळे समजले. दवाखान्यातून आल्यावर एकदा तो बोललाही.

"बिजली, दोर सडेल होता. चूक माही हाये. म्या पाह्यला नाई."

"देवाले सडेल म्हनता? अजून काय पाह्यचं राह्यलं मले?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

तो उठून गोठ्यात आला. मला त्याने या खुंटीला अडकवले. पूजा बंद झाली, पेटी रिकामी झाली, तांड्याने कड्याची वाट बंद केली. गेले वर्षभर माझ्याकडे कोणी पाहिलेले नाही. ते ठीकच आहे.

मागच्या आठवड्यात सोनू धावता धावता उंबऱ्याला अडखळून पडली. मुले पडतातच. पण खाटेवरून बिजलीबाई किंचाळली, "पाहा! नवस राह्यला. माय पाय वापस घेऊन राह्यली पोरीचे!"

"याडी, काही नाही झालं, नुसतं खरचटलं," राखी सांगत राहिली. बंजाऱ्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. पण याडी ऐकेना. तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. सोनूला चालू देईना, खाटेवर शेजारी धरून ठेवी, आणि पोरगी रडत राही. चालायला लागलेले मूल पुन्हा बसून राहिले.

तेव्हा धरमसिंग खाटेपाशी बसला.

"या पुनवेले दिवा लागन. मी लावीन. तू पोरीले सोड."

"तुमी? ओट्यावर चढता तं भित धरता."

"तिथंही भितच हाये. दगडाची."

ती हसली नाही.  मग म्हणाली, "माह्या गळ्याची आन?"

"आन."

तिने सोनूचा हात सोडला.

मित्रांनो, मला तुमच्याकडून काही हवे असेल तर एवढेच. ज्याच्यावर कोणाचा जीव टाकायचा आहे, ती शिडी असो, झुल्याची साखळी असो, सायकलचा ब्रेक असो की माझ्यासारखा दोर असो, त्याला हात जोडा, पण आधी त्याला तपासा. पाय लावावा लागला तर लावा. आम्हाला राग येत नाही. आम्ही जुने झालो की आम्हाला कामावरून काढा. प्रेमाने ठेवून घेऊ नका. हे मी बिजलीबाईला सांगू शकलो असतो तर! आता सांगून तिचे पाय येणार नाहीत.

माझा दुसरा तुकडा अजून वर अंजनाला लोंबतो आहे. वर्षभर उन्हात आणि पावसात. खालून तो धड दिसत असेल. दमलेल्या माणसाचा हात आपोआप जाईल, असाच दिसत असेल.

आज चैत्र पुनव. अजून उजाडायचे आहे. धरमसिंगने चूल पेटवून बिजलीबाईसाठी चहा केला, तिला टेकू देऊन बसवले, कप तिच्या हातात दिला. राखी आणि सोनू झोपल्या होत्या. "वावरात जाऊन येतो," तो म्हणाला. तिने मान हलवली. दोघांनाही ठाऊक होते की वावरात या दिवसांत काही काम नसते.

गोठ्यात येऊन त्याने बैलाला पेंढी टाकली. फडक्यात वात, काड्यापेटी आणि तेलाची छोटी बाटली बांधून ते कमरेला खोचले. गुडघ्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या आवळल्या. मग दोर न घेताच तो दारातून बाहेर पडला आणि वावराची वाट डावीकडे टाकून पळसांच्या रानाकडे वळला. तो हळू चालत होता, पण थांबत नव्हता.