घड्याळ न काढणारा डॉक्टर

ढोरांचा डॉक्टर कसा आहे, हे गोपिकाबाई त्याच्या मनगटावरून ओळखायची. जनावरापाशी येऊनही ज्याचं घड्याळ हातातच, तो कधी आत हात घालत नसतो. धावडा गावात असे तीन येऊन गेले. सुई टोचायची, चिठ्ठी लिहायची, चालू पडायचं. ढोर मेलं की "उशिरा बोलावलं" म्हणायचं.

हा चौथा, वरद. जालना शहरातला, मस्तगड भागातला. बुटाला शेण लागू नये म्हणून गोठ्यात दगड हुडकत चालायचा. मार्क कमी पडले, माणसांचा डॉक्टर व्हायचं हुकलं, अन् हे ध्यान जनावरांच्या नशिबी आलं! घरचे पाहुण्यांना नुसतं 'डॉक्टर' सांगायचे, कशाचा ते गिळून टाकायचे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!

आज तिची एकुलती एक म्हैस सकाळपासून कळा देत होती, अन् रेडकाचं खूरसुद्धा दिसत नव्हतं.

"सलाइन लावू," वरद दारातूनच म्हणाला.

"सलाइननं रेडकू चालत बाहेर येतं व्हय? घड्याळ काढा साहेब. टाइम बघायला आम्ही आहोत न्हाई का!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो बाबा, सोमवारी हजर होतो," तो म्हणाला. संभाजीनगरात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात बापानं जागा ठरवली होती.

"जा बिलकुल," गोपिकाबाई म्हणाली. "तिथं फरशी असंल. पाय बराबर साफ राहतील."

वरदचे कान लाल झाले. त्यानं घड्याळ काढून गव्हाणीवर आपटलं, बाह्या सारल्या अन् खांद्यापर्यंत हात घातला.

"गर्भपिशवीला पीळ पडलाय. ज्या बाजूचा पीळ, त्याच बाजूला म्हैस लोळवायची. डावीकडं घ्या."

गोपिकाबाईच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, चार गडी लावून म्हैस लोळवली. वरदनं पुन्हा हात घातला अन् त्याचं तोंड उतरलं. आता हा 'उशिरा बोलावलं' म्हणणार, हे गोपिकाबाईला ठाऊकच होतं.

"चुकलो," तो म्हणाला. "पीळ उजवा होता. मी वाढवला. उजवीकडं लोळवा, जल्दी."

इंद्रभान शिवी देत अंगावर धावला.

"गप बसा!" गोपिकाबाई ओरडली. "म्हशीचे पाय धरा."

तिसऱ्या खेपेला पीळ सुटला. रेडकू आलं ते मेलेलंच. घटकाभरानं म्हैस मात्र उठून उभी राहिली.

"माझ्यामुळं गेलं असंल," शेणात बसलेला वरद म्हणाला.

"असंल," गोपिकाबाई म्हणाली. तिला रडू येत होतं. "म्हैस बी तुझ्यामुळंच उठली."

घड्याळ गव्हाणीवरच राहिलं. तिनं ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

सोमवारी सकाळी तो दारात उभा होता.

"घड्याळ न्यायला आलास?"

"म्हैस बघायला आलो, मावशी."

"मंग बघ की," ती म्हणाली, अन् गाठ तशीच राहू दिली.