पाकिटामागचे नाव

प्रिंटरमधून निघालेला पहिला कागद महादूने आखलेल्या रेघांवर कापला. तीन बाजू आत मुडपल्या आणि वरची झडप खाली दुमडली. झडपेवरची नावे उलटी आली होती, डोके खाली.

"हे उलटं आलं रे," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

रश्मीने पाकीट एकदा उघडले, परत मिटले. "झडप दुमडली की वरची बाजू खाली येते. तेवढा मजकूर उलटाच छापायचा. दादा, फिरव तो."

"नवरीबाय, लग्न तुजं आणि हुकूम आमाला," महेंद्र म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला.

पत्रिका शहापूरला छापून झाल्या होत्या. छापखान्यातल्या तयार पाकिटांवर मात्र कोपऱ्यात गणपती होता. "आपल्यात नाय चालत," एवढेच महादू तिथे बोलला होता. कोऱ्या पाकिटांत पत्रिका मावत नव्हती. म्हणून महेंद्रने आसनगावच्या मित्राचा प्रिंटर भातसानगरच्या क्वार्टरमध्ये आणला. पुढे कोपऱ्यात बुद्धाचे पिंपळपान. मागे झडपेवर निमंत्रकांची नावे: जानकीबाई आणि महादू.

जानकीबाई, महादूची बायको आणि या मुलांची आई, दोन महिन्यांपूर्वी गेली. रश्मीचे लग्न तिनेच जमवले होते, म्हणून तारीख हलवली नव्हती. तेव्हापासून महादू जेव म्हटले की जेवत होता, झोप म्हटले की आडवा होत होता. धरणाच्या दरवाज्यांना ग्रीस लावायला रोज जात होता. कुठे दुखते, असे कोणी विचारले असते तर त्याला जागा दाखवता आली नसती.

त्याची थोरली बहीण हिराबाई टोकावड्याहून आली होती. तिने खळीचे पातेले खाली ठेवले आणि एक पाकीट उचलून डोळ्यांशी नेले.

"महेंद्र, आयच्या नावापुढं कालकथित नाय लिवलं?"

"पत्रिकेत आहे, आत्या. पाकिटावर राहिलं. आता टाकतो."

"नको," महादू म्हणाला.

"नको काय? गेलेल्या माणसाच्या नावापुढं लिवायला नको? मेलेल्या बायनं आवतान धाडलं म्हंतील लोकं."

"आत लिवलंय ना. मंग भायेर नको."

"पन का?"

महादूने कडेला खळ लावली. ती जास्त ओली झाली की शाई पसरायची, म्हणून तो बोटाने पातळ ओढत होता.

"आणि कुनी इचारलं मंजे?"

"मी सांगन."

महेंद्रने रश्मीकडे पाहिले. त्याने पुढचा कागद प्रिंटरमध्ये सरकवला.

रविवारी महेंद्र महादूला पत्रिका वाटायला मोटारसायकलवरून आटगावला घेऊन गेला. तिथे कोंडू राहत होता. धरणावर त्याने आणि महादूने बरोबर नोकरी केली होती. निवृत्त होऊन कोंडू गावी आला, तेव्हापासून भेट नव्हती. जानकीबाईची बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

कोंडूने पाकीट पुढून पाहिले, मागून पाहिले.

"घरी बनवलं? झ्याक हाय. वैनीचं नाव आधी, तुजं मागून. बरोबर केलंस. घरात बी तसंच."

"तसंच," महादू म्हणाला.

"गुडघा कसा हाय तिचा? पायऱ्या चढवत नव्हत्या."

महेंद्रने बापाकडे पाहिले. महादू बशीत चहा ओतत होता.

"आता बरा हाय."

"मंग आणायची ना रे सोबत."

"घरी काम हाय तिला."

"हां, लगीनघर हाय. " कोंडूने आत बायकोला हाक मारली. "गो हौसा, माजा चष्मा दे."

चष्मा आला. कोंडूने नख घालून झडप सोडवायला सुरुवात केली. खळ चांगली धरली होती. महादूने बशी खाली ठेवली. तो उठला.

"आमी निघतो. अजून घरं हायेत."

बाहेर महेंद्रने गाडी सुरू केली. "बाबा, आता वाचतील ते."

"वाचू दे. चल."

रेल्वेचे फाटक पडलेले होते. पुढे टेम्पो, बाजूला बैलगाडी. निघायला जागा नव्हती. महादू पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत राहिला.

कोंडू चालत आला. पायात चपला नव्हत्या, चष्मा तसाच नाकावर, हातात उघडी पत्रिका. तो मोटारसायकलजवळ उभा राहिला. त्याचे तोंड उघडले तेवढ्यात मालगाडी आली. डबे जात राहिले. त्या आवाजात काही बोलता येण्यासारखे नव्हते. कोंडूने गाडीची मागची दांडी धरली आणि तो डब्यांकडे बघत राहिला. महादूही बघत राहिला.

फाटक उघडले. मागच्या जीपने हॉर्न दिला. कोंडूने दांडी सोडली.

"लग्नाला ये," महादू म्हणाला. "वैनीला घेऊन ये."